दोरी, खाका आणि मंडल

गेल्या दिवाळीत आमच्या वसाहतीत रांगोळ्यांची चढाओढ झाली. तीत बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने घातलेले सोळा पाकळ्यांचे मोठे मंडल येणाऱ्याजाणाऱ्यांस थांबवून ठेवीत होते. परंतु परीक्षकांनी ते विचारातच घेतले नाही. तिने वर्तुळे दोरी व खडू घेऊन आखली आणि पाकळ्यांसाठी पुठ्ठ्याचा कापलेला साचा वापरला, सबब हे काम ‘हातचे’ नव्हे, असा त्यांचा अभिप्राय पडला. मुलगी काही बोलली नाही. तिची आजी मात्र बोलली. ‘अहो, आम्ही जन्मभर भोकांच्या कागदावरून ठिपके पाडले, मग आमच्याही रांगोळ्या बादच धरायच्या की काय?’ असे तिने विचारले. परीक्षक हसले व पुढच्या रांगोळीकडे वळले. आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही; आणि मंडल काढण्याच्या साधनांचा मागील इतिहास पाहू जाता, आजीबाईंच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे असे आढळून आले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम ‘मंडल’ हा शब्दच घ्यावा. आज हा शब्द उच्चारताच तिबेटी पट, ध्यानधारणा आणि मनःशांती या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्यांपैकी मनःशांतीचा भाग पुष्कळसा अलीकडचा आहे. कार्ल युंग या स्विस मनोवैज्ञानिकाने १९१६ साली आपले पहिले मंडल काढले व १९१८-१९ च्या सुमारास तो रोज सकाळी वहीत एक लहान वर्तुळाकृती काढीत असे. त्याच्या लेखनातून ही समजूत पश्चिमेकडे पसरली व तेथून ती आमच्याकडे परत आली. परंतु आमच्या जुन्या शुल्बसूत्रांत मंडल याचा अर्थ सरळ ‘वर्तुळ’ एवढाच आहे, आणि ते काढावयाचे ते दोरीने. शुल्ब म्हणजेच दोरी. ज्या शास्त्राने आपले नावच दोरीवरून घेतले, त्याच्या पोटी मंडलाची विद्या जन्मास आली, ही गोष्ट परीक्षकांच्या कानांवर गेली असती तर बरे झाले असते.

बौधायन, मानव, आपस्तंब व कात्यायन यांची शुल्बसूत्रे यज्ञवेदी रचण्यासाठी लिहिलेली आहेत. त्यांतील पहिले काम म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा साधणे. सपाट जमिनीत शंकू, म्हणजे खुंटी, रोवावयाची; तिच्या उंचीएवढी दोरी घेऊन तिच्याभोवती वर्तुळ आखावयाचे; सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळास जेथे जेथे स्पर्श करील तेथे खुणा करावयाच्या व त्या जोडावयाच्या. एवढ्याने दिशा सापडते. यानंतर दोरीचे खरे कौशल्य सुरू होते. सोमयागाच्या महावेदीची मधली रेषा ३६ मापांची असते. आपस्तंब सांगतो की, ३६ मापांच्या दोरीत आणखी १८ मिळवून ती ५४ मापांची करावी, पश्चिमेच्या टोकापासून १५ मापांवर एक खूण करावी, दोन्ही टोके रेषेच्या दोन्ही खुंट्यांस अडकवावी आणि खुणेस धरून दोरी दक्षिणेकडे ताणावी. दोरीचे दोन भाग होतात, एक १५ चा व दुसरा ३९ चा. आणि १५, ३६ व ३९ या बाजूंच्या त्रिकोणात काटकोन येतोच येतो. दोरी उत्तरेकडे ताणली की दुसरा कोपरा मिळाला. गुण्या नाही, कोनमापक नाही. एक दोरी, दोन खुंट्या व एक गाठ.

याहून रम्य प्रकरण चौरसाचे मंडल करण्याचे. गार्हपत्य अग्नीचे स्थान वर्तुळाकार, आहवनीयाचे चौरस आणि दक्षिणाग्नीचे अर्धवर्तुळाकार. परंतु तिन्हींचे क्षेत्र सारखे असले पाहिजे, असा दंडक होता. तेव्हा चौरसाएवढे वर्तुळ काढणे भाग पडले. बौधायनाने त्यास दिलेली युक्ती अशी: चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरावी, ती फिरवून बाजूच्या मध्याकडे आणावी, आणि बाजूच्या बाहेर तिचा जो भाग उरेल त्याचा तिसरा हिस्सा आत घेऊन तेवढ्या त्रिज्येने मंडल काढावे. हिशेब करून पाहिला तर हे मंडल चौरसाहून शेकडा पावणेदोनच्या आतबाहेर मोठे भरते. ज्याने हे दोरीने साधले त्याची चूक एवढीच, हे वाचून आम्ही तर थक्क झालो. पुढे कर्णाचे मान काढण्यासाठी या आचार्याने दिलेला अपूर्णांक, म्हणजे ५७७ भागिले ४०८, दशांशाच्या पाच घरांपर्यंत बरोबर येतो. हे सर्व ‘मुक्तहस्ते’ काढण्याच्या भरीस पडते, तर बौधायनाचे नावही आज कोणाच्या ओठी राहिले नसते.

दोरीमागून कंपास आला. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने वर्तुळ ‘भ्रमाने’, म्हणजे फिरविण्याने, साधावे असे सांगितले. आणि ६२९ मध्ये त्यावर भाष्य लिहिताना पहिल्या भास्कराने भ्रम म्हणजे कर्कट असा खुलासा केला. कर्कट म्हणजे खेकडा. दोन टोकदार पाय फाकून उभ्या राहणाऱ्या या उपकरणास यापरते समर्पक नाव मिळणे कठीण. आमच्या मुलांच्या कंपासपेटीत आजही ‘कर्कटक’ सापडतो, मात्र त्याच्या वंशाची ओळख मास्तर करून देत नाहीत. सुताराचे नावही असेच ‘सूत्रधार’ या शब्दावरून आलेले. सूत धरतो तो सुतार. काम ‘सुतात’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा ही जुनी दोरीच आपल्या जिभेवर ताणलेली असते.

वर्तुळाच्या अर्थाचा हा शब्द देवतांच्या मांडणीस केव्हा व कसा लागला, ही कथा लांबलचक आहे. तिच्यात आम्ही शिरत नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत घराच्या जागेचे ८१ किंवा ६४ घरांत विभाग करून त्यांवर देवता बसविण्याची रीत आहे, ती या वाटेवरचाच एक टप्पा होय. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, ज्यास लोक तीनताल म्हणतात, नऊ चौकोनी घरांचे एक शिल्प कोरलेले आहे: मधल्या घरात बुद्ध व सभोवती आठ बोधिसत्त्व. कैलास पाहून दमलेले प्रवासी या लेण्याकडे सहसा वळत नाहीत. परंतु ज्यास मंडल म्हणजे काय हे पाहावयाचे असेल त्याने तिबेटाकडे पाहण्याआधी येथे दहा मिनिटे उभे राहावे. पाषाणात का होईना, आखलेल्या घरांचा जाळीदार हिशेब येथे उघड दिसतो.

विक्रमशिला विहारातील अभयाकरगुप्ताने इ. स. ११०० च्या आसपास या विद्येस ग्रंथरूप दिले. त्याच्या वज्रावलीत मंडल आखण्याचा विधी आहे व निष्पन्नयोगावलीत २६ मंडलांची वर्णने आहेत; हा दुसरा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९४९ साली छापला गेला. विधीत ‘सूत्रपातन’ हे स्वतंत्र अंग आहे. रंगात बुडविलेले सूत दोघांनी दोन टोकांस धरावयाचे व मध्ये उचलून सोडावयाचे, की जमिनीवर सरळ रेषा उमटते. आपल्याकडील सुतार लाकडावर सूत मारतो, ते याहून निराळे नाही. तिबेटी भिक्षू वाळूचे मंडल घालताना आजही प्रथम अशाच रेषा पाडतात, पट्टी व कंपास घेतात, आणि मग केंद्राकडून बाहेर रंगीत वाळू भरीत जातात. ती भरण्याचे साधन म्हणजे ‘चाकपूर’ नावाची निमुळती धातूची नळी. तिच्या अंगावर खाचा असतात. दुसऱ्या नळीने त्या खाचा खरवडल्या की कंप उठतो व टोकातून वाळू बारीक धारेने पाझरते. खरवडणे हलके असले तर कणाकणाने, जोराचे असले तर ओघाने. १९८८ साली न्यूयॉर्क येथील अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालयात कालचक्राचे मंडल घातले गेले, तेव्हा हा प्रकार पाश्चात्त्य जनतेस उघडपणे पाहावयास मिळाला. शेवटी ते मंडल मोडून वाळू पाण्यास अर्पण करतात, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. तथापि नळी वापरली म्हणून ते काम यांत्रिक झाले, असे म्हणणारा कोणी आमच्या वाचनात नाही.

आता साच्याचा विचार करू. कारण परीक्षकांचा खरा राग दोरीवर नव्हे, साच्यावर होता.

चीनच्या पश्चिम सीमेवरील तुनहुआंग येथील एका भिंतीआड कोंडलेल्या खोलीत ऑरेल स्टाईन यास १९०७ मध्ये व पेलिओ यास १९०८ मध्ये हस्तलिखितांचा जो प्रचंड साठा मिळाला, त्यात काही भोके पाडलेले कागदही होते. बुद्धाची आकृती कागदावर काढून तिच्या रेषेरेषेवर सुईने बारीक छिद्रे पाडलेली. हा कागद भिंतीवर धरून त्यावर रंगाची पूड थोपटली की, खाली ठिपक्यांची माळ उमटते. ती जोडून कुंचल्याने रेषा काढावयाची. सहस्र बुद्धांच्या भिंती व छत भरावयाचे तर एकच आकृती शेकडो वेळा काढावी लागे. तेथे हीच युक्ती उपयोगी पडली. ही खोली अकराव्या शतकाच्या आरंभी बंद झाली, म्हणजे हे कागद निदान हजार वर्षांचे जुने. आपण बोलताना योजनेचा ‘खाका’ म्हणतो, तो शब्द फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला आहे. धुळीने उतरवून घेतलेली रूपरेषा, तोच खाका.

मथुरा-वृंदावनात पितृपक्षात मंदिरांतून ‘सांझी’ घालतात. मातीच्या अष्टकोनी वेदीवर कात्रीने कापलेले कागदी खाके एकामागून एक ठेवून त्यांच्या रिकाम्या जागांतून रंगांची पूड गाळतात, आणि कृष्णलीलेचे दृश्य वेलबुट्टीच्या चौकटीत उभे राहते. येथे हातांत साचा असूनही दिवस दिवस खपावे लागते. एका रंगास एक खाका. तो किंचित सरकला की शेजारचा रंग बिघडला. शिवाय कागद कापणाऱ्याने कोणती रेषा तोडावयाची व कोणती जोडून ठेवावयाची हे आधीच मनात बांधलेले असावे लागते, नाही तर मधला भाग गळून पडतो.

आमच्या महाराष्ट्रात धुळीच्या चित्रास जुने ठाण आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राची गणना केली आहे. घरोघरी शिरगोळ्याची पूड, कोकणात भाताचे तूस जाळून केलेली रांगोळी, आणि बोटांची चिमूट, एवढ्यावर हा संसार चालत आला. चिमटीतून थेट उमटणारी वेल, शंख, गोपद्मे ही मुक्तहस्त परंपरा थोरच. तिचा मान कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिच्या शेजारीच ठिपक्यांचा कागद आहे. जाड कागदावर सारख्या अंतरावर खुणा करून पेटत्या उदबत्तीने भोके पाडावयाची. गेरूने सारवलेल्या जागेवर तो पसरून वरून रांगोळी भुरभुरावयाची व कागद अलगद उचलावयाचा. पंधरा ठिपके, पंधरा ओळी, क्षणात तयार. आजीबाईंचा कागद आम्ही मुद्दाम पाहून आलो. भोकांच्या कडा करपून काळ्या झालेल्या, मधली पाच-सहा वापराने मोठी झालेली. तुनहुआंगच्या कागदाचा हा सख्खा भाऊ. फरक एवढाच की, त्यात आकृती दडलेली आहे, यात नाही. यातून फक्त जागा मिळतात. कोणता ठिपका कोणास जोडावयाचा आणि रेषा कोणत्या ठिपक्यास वळसा घालील, ते बाईच्या डोक्यात.

येथेच आमच्या मते या वादाचे मर्म आहे. साधन घेतले की नाही, हा प्रश्नच चुकीचा. साधनाने काम करून ठेवल्यावर माणसास करावयास काय उरले, हे पाहावे. दोरीच्या पोटात कोणतीही आकृती नसते, म्हणून तिच्यातून सर्व आकृती निघतात. ठिपक्यांचा कागद जागा देतो व रेषा आपल्यावर सोडतो. तुनहुआंगचा खाका रेषेची वाट देतो, पण कुंचल्याचा जोर, जाडी, वळण देत नाही. उलट आज दुकानांत मिळणारे प्लास्टिकचे पातळ साचे, ज्यांत पाकळ्या, कमानी, टिंबे सर्व कोरून तयार असतात, ते घेणाऱ्यास पेन फिरविण्यापलीकडे विशेष काही उरू देत नाहीत. दुपारच्या करमणुकीस ते वाईट नाहीत. संध्याकाळी कंटाळलेल्या मुलास तासभर गप्प बसविण्याचे श्रेय आम्ही त्यांस आनंदाने देऊ. परंतु तोच साचा दहा घरांत गेला की दहा घरांत एकच मंडल उमटते, आणि अशी कागदे स्पर्धेत आली तर परीक्षकांनी ती बाजूस ठेवावी, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही.

त्या मुलीचा पुठ्ठा या जातीचा होता काय? सोळा पाकळ्या वर्तुळात बसवावयाच्या म्हणजे वर्तुळाचे दोन, चार, आठ, सोळा असे अर्धे अर्धे करीत जावे लागते. आणि एका पाकळीचा साचा जोंधळ्याएवढा जरी रुंद झाला, तरी ती चूक सोळा वेळा साठत जाऊन शेवटच्या पाकळीस जागाच उरत नाही. श्रीयंत्राचे नऊ त्रिकोण आखणाऱ्यास हा अनुभव याहून कठोरपणे येतो. एक छेदबिंदू ढळला की पुढचे सर्व ढळतात. तेव्हा परीक्षकांनी विचारावयास हवे होते ते एवढेच, की पुठ्ठा कोणी कापला. तो तिनेच कापला होता. चार पुठ्ठे वाया गेले, पाचवा बसला, असे आजीबाईंकडून आम्हांस मागाहून कळले. वाया गेलेले चारही त्यांनी जपून ठेवले आहेत.