द रोमन्स (डॉक्टर हू)

'द रोमन्स' ही 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या हंगामातील चौथी आणि एकूण बारावी कथा आहे. चार भागांची ही कृष्णधवल कथा बीबीसीने १६ जानेवारी ते ६ फेब्रुवारी १९६५ या काळात दर शनिवारी प्रसारित केली. लेखन डेनिस स्पूनर यांचे, दिग्दर्शन क्रिस्टोफर बॅरी यांचे आणि निर्मिती व्हेरिटी लॅम्बर्ट यांची होती. इ.स. ६४ मधील रोम, सम्राट नीरोचा दरबार आणि रोमचे मोठे अग्निकांड ही तिची पार्श्वभूमी आहे. विनोदी ढंगाने रचलेली ही मालिकेतील पहिली कथा मानली जाते. कालप्रवासी हा इतिहासाचा केवळ साक्षीदार असतो की त्याच्या घडणीतही सहभागी असतो, हा प्रश्नही या कथेतून पुढे येतो.

मालिकेतील स्थान

'डॉक्टर हू'चे प्रसारण २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाले. 'टार्डिस' नावाच्या यानातून काळ आणि अवकाश यांत संचार करणारा डॉक्टर हा तिचा नायक आहे. कुटुंबाने एकत्र पाहावी अशी ही मालिका मनोरंजनाबरोबर ज्ञानही देणारी असावी, अशी आरंभी अपेक्षा होती. त्यामुळे डॉक्टरच्या पहिल्या सहप्रवाशांत इयान चेस्टरटन हा विज्ञानाचा शिक्षक आणि बार्बरा राइट ही इतिहासाची शिक्षिका होती. भविष्यकाळातील कथांच्या जोडीने भूतकाळातील कथाही दाखवल्या जात. त्यांत टार्डिस आणि तिचे प्रवासी सोडल्यास विज्ञानकथेचा कोणताही घटक नसे. 'द रोमन्स' याच प्रकारात मोडते.

१९६४ मधील 'द अझ्टेक्स' या कथेत बार्बरा नरबळीची प्रथा बंद पाडण्याचा प्रयत्न करते. इतिहास बदलता येणार नाही, असे डॉक्टर तिला बजावतो आणि तिचा प्रयत्न निष्फळ ठरतो. 'द रोमन्स'मध्ये मात्र खुद्द डॉक्टरच एका प्रसिद्ध ऐतिहासिक घटनेचे निमित्त ठरतो.

कथानक

भाग १, 'द स्लेव्ह ट्रेडर्स' (गुलामांचे व्यापारी) : टार्डिस एका कड्यावरून कोसळते. त्यानंतर डॉक्टर, इयान, बार्बरा आणि नव्यानेच सामील झालेली विकी हे चौघे रोमजवळच्या एका व्हिलामध्ये महिनाभर विश्रांती घेतात. स्वस्थ बसण्याचा कंटाळा आल्याने डॉक्टर विकीला घेऊन रोमकडे निघतो. वाटेत खून झालेल्या मॅक्सिमस पेट्युलियन या लायरवादकाचा मृतदेह त्यांना आढळतो आणि रोमन सैनिक डॉक्टरलाच पेट्युलियन समजतात. इकडे व्हिलावर गुलामांच्या व्यापाऱ्यांची धाड पडते आणि इयान व बार्बरा त्यांच्या हाती सापडतात.

भाग २, 'ऑल रोड्स लीड टू रोम' (सारे रस्ते रोमकडे) : इयानला जहाजावर वल्ही मारण्यासाठी विकले जाते. वादळात जहाज फुटल्यावर तो डेलोस या गुलामासह किनाऱ्याला लागतो. बार्बराच्या शोधात रोममध्ये आल्यावर दोघे पुन्हा पकडले जातात. बार्बराला राजवाड्यातील अधिकारी टाव्हियस लिलावात विकत घेतो. डॉक्टर आणि विकीही नीरोच्या दरबारात पोहोचतात.

भाग ३, 'कॉन्स्पिरसी' (कटकारस्थान) : नीरो बार्बराच्या मागे लागतो. त्यामुळे चिडलेली सम्राज्ञी पॉपिया लोकस्टा या विषकन्येकरवी बार्बराला विष देण्याचा डाव रचते. विकी पेल्यांची अदलाबदल करते आणि विषाचा पेला नीरोकडे जातो. डॉक्टरने वेळीच सावध केल्यामुळे नीरो वाचतो, पण तो पेला पिणारा त्याचा सेवक टिगिलिनस मरतो. मेजवानीत डॉक्टरला लायर वाजवून दाखवावी लागते. ती वाजवता येत नसल्याने, आपले संगीत केवळ तरल कानांनाच ऐकू येईल, असे तो जाहीर करतो. तारांना स्पर्शही न करता तो वादनाचा आविर्भाव करतो आणि सारा दरबार त्याची वाहवा करतो.

भाग ४, 'इन्फर्नो' (अग्निप्रलय) : आखाड्यात इयान आणि डेलोस यांना परस्परांशी लढण्यास भाग पाडले जाते, मात्र डेलोस नीरोवरच चाल करून जातो आणि दोघे निसटतात. मत्सराने पेटलेला नीरो डॉक्टरला सिंहांपुढे टाकण्याचे ठरवतो. पेट्युलियन हा नीरोच्या हत्येच्या कटात सामील होता, हेही डॉक्टरला कळते. नव्या रोमचा आराखडा पाहत असताना डॉक्टरच्या चश्म्याच्या भिंगातून एकवटलेल्या सूर्यकिरणांनी तो आराखडा पेट घेतो. नवे नगर वसवण्यास सिनेट परवानगी देत नसल्याने जुने शहर जाळून टाकण्याची कल्पना नीरोला त्यावरून सुचते. शहर पेटवले जाते. त्या गोंधळात इयान बार्बराची सुटका करतो. तिला मदत करणारा टाव्हियस ख्रिस्ती असल्याचे त्याच्या हातातील क्रूसावरून प्रेक्षकांना समजते. चौघेही व्हिलावर परततात. पण इयान आणि बार्बरा इतके दिवस आराम करीत होते, असाच डॉक्टरचा समज राहतो.

प्रमुख कलाकार

विल्यम हार्टनेल (डॉक्टर), विल्यम रसेल (इयान), जॅकलिन हिल (बार्बरा), मॉरीन ओब्रायन (विकी), डेरेक फ्रान्सिस (नीरो), के पॅट्रिक (पॉपिया), मायकेल पीक (टाव्हियस), पीटर डायमंड (डेलोस) आणि ॲन टिरार्ड (लोकस्टा).

इतिहास आणि कथा

कथेचा काळ महाराष्ट्राच्या इतिहासात सातवाहन काळात मोडतो. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात रोमन जगाशी चालणाऱ्या सागरी व्यापाराच्या संदर्भात पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण यांचे उल्लेख आहेत.

रोमचे अग्निकांड १८ जुलै ६४ च्या रात्री सर्कस मॅक्सिमसजवळच्या दुकानांतून सुरू झाले. इतिहासकार टॅसिटसच्या वृत्तान्तानुसार शहराच्या १४ विभागांपैकी ३ पूर्णपणे नष्ट झाले, ७ विभागांची मोठी हानी झाली आणि केवळ ४ वाचले. आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नसून अँटियम येथे होता, असे टॅसिटस नोंदवतो. परतल्यावर त्याने बेघरांसाठी आपल्या बागा खुल्या केल्याचेही तो सांगतो. सुएटोनियस आणि कॅसियस डिओ मात्र आगीचा दोष थेट नीरोवर ठेवतात. टॅसिटसच्या मते, स्वतःवरील संशय दूर करण्यासाठी नीरोने ख्रिस्ती लोकांवर आरोप ठेवून त्यांचा छळ केला. कथेने सुएटोनियसच्या परंपरेतील नीरो स्वीकारला आहे. ख्रिस्ती छळाचा भाग तीत येत नाही.

इतर बाबतींतही लेखकाने मोकळीक घेतली आहे. अग्निकांडाच्या वेळी नीरो २६ वर्षांचा होता, तर डेरेक फ्रान्सिस यांनी चाळिशी ओलांडलेली होती. ऐतिहासिक टिगेलिनस हा सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख होता आणि तो इ.स. ६९ मध्ये मरण पावला. लोकस्टा ही ऐतिहासिक व्यक्ती असून क्लॉडियस आणि ब्रिटॅनिकस यांच्या विषप्रयोगांशी तिचे नाव जोडले जाते. आग पाहत नीरो फिडल वाजवत होता ही दंतकथा प्रसिद्ध असली, तरी ते वाद्य त्या काळी अस्तित्वात नव्हते. कथेत नीरोच्या हाती लायर दाखवली आहे.

प्रतिसाद आणि प्रभाव

पहिला भाग सुमारे १ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी पाहिला. समकालीन प्रतिक्रिया संमिश्र होत्या. गुलामगिरी, खून आणि विषप्रयोग यांसारख्या विषयांची प्रहसनाशी घातलेली सांगड काहींना रुचली नाही. कथेची रचनाही दुपेडी आहे : डॉक्टर आणि विकी यांचा प्रवास विनोदी अंगाने जातो, तर इयान आणि बार्बरा यांच्या वाट्याला साखळदंड, लिलाव आणि आखाडा येतो. हार्टनेल यांच्या विनोदी अभिनयाचे पुढील काळात विशेष कौतुक झाले.

डोनाल्ड कॉटन यांनी केलेले या कथेचे कादंबरी-रूपांतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पत्रे आणि रोजनिशी यांच्या स्वरूपात आहे. मालिकेच्या आरंभीच्या काळातील अनेक भाग बीबीसीच्या संग्रहातून नष्ट झाले असले, तरी 'द रोमन्स'चे चारही भाग उपलब्ध आहेत. २००८ मधील 'द फायर्स ऑफ पॉम्पेई' या भागात, रोमच्या आगीशी आपला थोडाफार संबंध होता, अशी कबुली डॉक्टर ओझरती देऊन जातो.