एक ठोका जास्त, म्हणून तारे सरकतात

आजचा गेम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळलाय, नाव मात्र माहीत नसेल. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्यात कॅसेट. खाली आपलं छोटं यान, वर शत्रूंची रांग, मधूनच एखादा वळसा घेत अंगावर यायचा. सुट्टीत हिरकणीवाडीला आत्याकडे आम्ही त्याला 'किड्यांचा गेम' म्हणायचो. वीज गेली की स्कोअर गायब, आणि वीज रोज जायची!

खरं नाव गॅलॅक्सियन. जपानच्या नामको कंपनीचा, १९७९ सालचा. डिझायनर काझुनोरी सावानो. आदल्याच वर्षी आलेल्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू एका ठेक्यात खाली सरकायचे. इथे ते रंगीत झाले, सुटे होऊन झडप घालू लागले. आणि मागे तारे वाहू लागले.

मला त्या ताऱ्यांबद्दलच बोलायचंय. यान तर फक्त डावी-उजवीकडे हलतं, तरी आपण पुढे चाललोय असं वाटतं. रायगडच्या रोपवेत बसलात तर हेच होतं, कडाच खाली निघालाय असं वाटतं.

पण तेव्हा मेमरी महाग. मग तारे साठवायचे कुठे? साठवलेच नाहीत. १७ बिटांचं एक शिफ्ट रजिस्टर आहे. दर ठोक्याला ते नवा आकडा काढतं, ठरावीक आकडा आला की तारा उमटतो. १७ बिटांच्या १,३१,०७२ अवस्था होतात, पण त्यातल्या एका अवस्थेत शिरलं की बाहेर पडता येत नाही. ती वगळली, की उरल्या १,३१,०७१. आणि एका फ्रेममध्ये ठोके पडतात बरोबर १,३१,०७२. म्हणजे चक्र संपून एक ठोका उरतो, पुढची फ्रेम एक पाऊल पुढून सुरू होते आणि सगळे तारे किंचित सरकतात. सरकवण्यासाठी वेगळा कोड नाही! स्क्रीन उभी बसवलेली, म्हणून ते वरून खाली येताना दिसतात. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटतो, खरंच.

हे सर्किट आर्केड मशीनमधलं. आपल्या टीव्ही गेममध्ये ते नव्हतं. तिथे पोचली ती १९८४ ची फॅमिकॉम आवृत्ती: प्रोग्राम ८ केबी, चित्रं ८ केबी. व्हॉट्सॲपवरचं गुड मॉर्निंगसुद्धा याहून मोठं असतं. माझ्या मते म्हणूनच तो त्या 'इतक्या गेम्स एकात' कॅसेटींमध्ये हमखास असायचा. जागाच लागत नव्हती.

त्या कॅसेटी बहुतेक नकली. आमच्या कॅसेटवर ना नामकोचं नाव होतं, ना सावानोंचं. आमच्या घरातून त्यांना एक रुपयाही गेला नाही. पण अस्सल मशीनच्या भरवशावर बसलो असतो, तर गडाच्या पायथ्याला हा गेम कुणी पाहिलाच नसता. निदान नाव तरी आज घेतलं.

नामकोने १९८१ मध्ये याच घराण्यातला गॅलागा काढला. त्यात तुमचं यान शत्रू पळवून नेतो. ते पुढच्या भागात.