मॅमोग्राफीच्या कुळातला हात

आल्बर्ट सालोमोन हा बर्लिनच्या विद्यापीठ रुग्णालयातला सर्जन 1913 साली तीस वर्षांचा होता. स्तनाच्या कर्करोगावर त्या काळी मुख्य उपाय एकच होता. अख्खा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र कापून काढायच्या. असे काढलेले सुमारे 3000 नमुने सालोमोनने अभ्यासले. आधी एक्स-रे घ्यायचा, मग तोच तुकडा चिरून पाहायचा आणि चित्रात दिसलेलं प्रत्यक्षाशी ताडून बघायचं, अशी त्याची रीत होती. कर्करोग काखेपर्यंत कसा पसरत जातो हे त्याला चित्रात दिसलं. काही गाठींत बारीक काळे ठिपकेही दिसले आणि त्यांची त्याने नोंद केली. ते कॅल्शियमचे कण होते. पुढे पन्नास वर्षांनी डॉक्टर जे भिंगातून शोधणार होते, ते हेच. पण त्यांचं मोल सालोमोनला कळलं नाही. जिवंत बाईची तपासणी या पद्धतीने करायचं तर त्याने मनावरच घेतलं नाही. मॅमोग्राफीच्या या मूळपुरुषाने स्वतः कधी मॅमोग्राफी केली नाही.

त्याचं पुढचं आयुष्य वैद्यकाच्या पुस्तकांत सापडत नाही, ते चित्रकलेच्या पुस्तकांत सापडतं. सालोमोन ज्यू होता. नाझी आल्यावर विद्यापीठाची दारं बंद झाली आणि 1938च्या नोव्हेंबरातल्या धरपकडीत त्याची रवानगी जाक्सनहाउझनच्या छळछावणीत झाली. सुटल्यावर तो दुसऱ्या बायकोबरोबर, पाउला लिंडबर्ग या गायिकेबरोबर, हॉलंडला गेला. तिथेही पकडले गेले, पण छावणीतून निसटून दोघं लपून वाचले. मुलीला त्याआधीच दक्षिण फ्रान्सला आजी-आजोबांकडे पाठवलं होतं, ती मात्र वाचली नाही. शार्लोटे सालोमोन. सातशेहून जास्त चित्रांतून तिने आपल्या घराची कथा रंगवून ठेवली आणि 1943मध्ये ऑशविट्झला तिला मारण्यात आलं. युद्धानंतर ती चित्रं वडिलांच्या हाती पडली आणि 1971मध्ये त्यांनी ती अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयाला दिली. आज शार्लोटेचं नाव ऐकलेली माणसं पुष्कळ भेटतील. तिच्या वडिलांचं नाव एक्स-रेच्या इतिहासाचा नाद असलेल्यांनाच ठाऊक असतं.

एक्स-रेच्या गोष्टीकडे परत येऊ. 1930मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात स्टॅफर्ड वॉरन याने स्तनाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या 119 बायकांचे आधी एक्स-रे घेतले आणि निदान बऱ्यापैकी जुळल्याचं दाखवलं. तरी पद्धत रुजली नाही, कारण त्याच्यासारखी चित्रं दुसऱ्या कुणाला जमेनात. (हाच वॉरन पुढे अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पाचा वैद्यकीय प्रमुख झाला.)

अडचण किरणांत होती. एक्स-रे हाडाला अडतात म्हणून हाड उठून दिसतं. स्तनात हाड नाही. चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि गाठ यांची घनता जवळजवळ सारखी. जोरदार किरण तिन्हींतून आरपार जातात आणि काचेवर राखाडी धुकं उरतं. फरक दिसायचा तर किरण मवाळ हवेत. मवाळ किरण जाड मांसातून पार होत नाहीत. मग मांसच पातळ करायला हवं.

ही युक्ती उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओच्या राउल लेबोर्नने 1940च्या दशकाच्या अखेरीस पक्की केली. त्याने स्तन दाबून चपटा केला. बायका मॅमोग्राफीला ज्या कारणाने नावं ठेवतात ते दाबणं इथून आलं, आणि ते उगाच नाही. जाडी कमी झाली की मवाळ किरण पुरतात, एकावर एक आलेले पदर सुटे होतात, अवयव हलत नाही म्हणून चित्र पुसट होत नाही आणि किरणांची मात्राही कमी लागते. एवढी कामं करणारी दुसरी युक्ती अजून निघालेली नाही. चित्र स्वच्छ झाल्यावर सालोमोनचे ठिपकेही लेबोर्नला नीट दिसले. कर्करोगातले हे कण बारीक मिठासारखे पुंजक्याने विखुरलेले असतात आणि हाताला गाठ लागत नसतानाही चित्रात दिसू शकतात, हे त्याने लिहून ठेवलं. मॅमोग्राफीचा खरा जन्म मी इथे धरते. सालोमोनने फक्त बीज टाकलं.

1960मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या रॉबर्ट इगनने धातूच्या तपासणीसाठी कारखान्यात वापरतात ती बारीक कणांची फिल्म घेतली, विजेचा दाब उतरवला, प्रवाह वाढवला आणि 1000 तपासण्यांचा हिशेब छापला. त्याचं मोठेपण फिल्म निवडण्यात नाही. त्याने कृती अशी बेतशीर लिहून दिली, की दुसऱ्या रुग्णालयांतही तीच चित्रं येऊ लागली. वॉरनला हेच जमलं नव्हतं. पाठोपाठ स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो याने फ्रेंच कंपनीकडून फक्त स्तनासाठी यंत्र घडवून घेतलं, त्यात टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम बसवलं. त्या धातूतून निघणारे किरण स्वभावतःच मवाळ. ‘सेनोग्राफ’ या नावाने ते 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलं.

इथवरची सगळी माणसं एकच गोष्ट शोधत होती, ती म्हणजे गाठ दिसते का. ती दिसू लागली. पण दिसल्याने बाई जगते का, हा प्रश्न यंत्रवाल्यांच्या हातातला नव्हता.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समजा, एका बाईचा मृत्यू साठाव्या वर्षी व्हायचा आहे. सत्तावन्नाव्या वर्षी तिला स्वतःला गाठ लागली तर निदानानंतर ती तीन वर्षं जगली असं आपण म्हणू. तीच गाठ चौपन्नाव्या वर्षी चित्रात सापडली तर ती सहा वर्षं जगली. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, वाढली ती फक्त आजारी म्हणून जगण्याची वर्षं; कागदावर मात्र जगण्याचा काळ दुप्पट दिसतो. दुसरी फसगत अशी, की झपाट्याने वाढणाऱ्या गाठी दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच उगवतात. तपासणीच्या दिवशी सापडतात त्यांत रेंगाळणाऱ्या, मुळातच कमी घातक गाठींचा भरणा जास्त असतो. म्हणून ‘लवकर सापडलेल्या बायका जास्त जगतात’ हे वाक्य खरं असूनही काहीच सिद्ध करत नाही. जाहिरातींत ते आजही छापलं जातं, याची चीड यावी.

तोड एकच होती. सारख्या बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला तपासणीला बोलवायचं, दुसऱ्याला नेहमीसारखं राहू द्यायचं आणि अखेर मृत्यू मोजायचे. न्यूयॉर्कच्या ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन’ या विमा योजनेकडे सभासदांच्या व्यवस्थित याद्या होत्या. सॅम शॅपिरो हा संख्याशास्त्रज्ञ, लुई व्हेनेट हा सर्जन आणि फिलिप स्ट्रॅक्स हा रेडिओलॉजिस्ट एकत्र आले. स्ट्रॅक्सची बायको बर्था चाळिशीच्या आत याच आजाराने गेली होती. डिसेंबर 1963पासून 40 ते 64 वयाच्या सुमारे 62,000 बायका दोन गटांत वाटल्या. ऑफिसातल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत येता यावं म्हणून एक्स-रेची गाडी मॅनहॅटनमध्ये रस्त्यावर उभी केली. बोलावूनही तिसरा हिस्सा बायका आल्याच नाहीत. शॅपिरोने त्यांनाही तपासणीच्याच गटात मोजलं. न येणाऱ्यांना वगळलं असतं तर तब्येतीची काळजी घेणाऱ्या तेवढ्याच उरल्या असत्या आणि तराजू झुकला असता. स्वतःच्याच बाजूला मारक ठरेल असा हिशेब मांडण्याची ही सचोटी मला त्या यंत्रांइतकीच थोर वाटते.

1971मध्ये आकडे छापले गेले. तपासणीच्या गटात स्तनाच्या कर्करोगाने 31 मृत्यू, दुसऱ्या गटात 52. मॅमोग्राफीने जीव वाचतो, अशी बातमी जगभर गेली.

बातमीत एक गोष्ट गळली. त्या गाडीत नुसता एक्स-रे निघत नव्हता. प्रत्येक बाईला डॉक्टर हातानेही तपासत होता. तपासणीत सापडलेल्या कर्करोगांपैकी फक्त चित्रात दिसलेले तिसरा हिस्सा होते, दोन्हींत सापडलेले साधारण पाचवा हिस्सा आणि फक्त हाताला लागलेले जवळजवळ 45 टक्के. आजच्या मानाने तेव्हाची चित्रं पुसट होती हे कबूल. पण 31 आणि 52 यांच्यातल्या फरकात हाताचा वाटा मोठा होता आणि कुळाच्या वंशावळीत त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. हाताला पेटंट नसतं, त्याचा विक्रेता नसतो.

सप्टेंबर 1974मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या. त्यांची गाठही डॉक्टरच्या हातालाच लागली होती. दोन वर्षांनी संख्याशास्त्रज्ञ जॉन बेलर यांनी निरोगी तरुण बायकांवर वर्षानुवर्षं किरण मारण्याबद्दल जाहीर शंका घेतली, तेव्हापासून सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. स्वीडनच्या चाचणीत केवळ मॅमोग्राफीवर मृत्यू 31 टक्क्यांनी कमी दिसले. 1980मध्ये सुरू झालेल्या कॅनडाच्या चाचणीने पन्नाशीतल्या बायकांना थेट समोरासमोर बसवलं, एकीकडे हात आणि चित्र, दुसरीकडे नुसता हात. मृत्यूंत फरक पडला नाही. रेडिओलॉजिस्टांनी या चाचणीवर केलेली टीका बोचरी आहे. चित्रांचा दर्जा वाईट होता, गटवारी चोख नव्हती, असे आक्षेप आहेत आणि ते सगळेच हवेतले नाहीत.

कॅनडाच्या हातातला धागा मुंबईत उचलला गेला. टाटा मेमोरियलचे सर्जन इंद्रनील मित्रा यांनी 1994मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मॅमोग्राफीशिवाय हाताने तपासणी करण्याचा पक्ष मांडला होता. आपल्याकडे हा आजार तुलनेने लहान वयात होतो. तरुण स्तनात ग्रंथी दाट असतात आणि दाट ग्रंथी चित्रात गाठीसारख्याच पांढऱ्या दिसतात. यंत्र महाग, चित्र वाचणारे थोडे. पण युक्तिवाद कितीही पटला तरी शॅपिरोचा प्रश्न उरतोच, म्हणून मे 1998मध्ये मोजणी सुरू झाली.

मुंबईतल्या वस्त्यांचे 20 विभाग, 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायका. अर्ध्या विभागांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने तपासायचं, अशा चार फेऱ्या. उरलेल्यांत एकदा माहिती द्यायची आणि लक्ष ठेवायचं. संशय आला तर पुढच्या तपासण्या टाटामध्ये. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. बोटांच्या पेरांनी एकेक भाग चाचपायचा, काख सोडायची नाही, एवढं काम त्यांना शिकवून तयार केलेलं होतं.

वीस वर्षांनंतरचा निकाल 2021मध्ये ‘बीएमजे’मध्ये आला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या बायकांचं प्रमाण 47 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आलं होतं. मृत्यू 251 विरुद्ध 213, म्हणजे 15 टक्के कमी. मात्र एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्राचं मत पडलं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत घट जवळजवळ 30 टक्के आणि ती भरवशाची होती. पण हा गट मागाहून वेगळा काढून पाहिलेला. पन्नाशीच्या आतल्यांत उल्लेखनीय फायदा दिसला नाही. वर्तमानपत्रांनी ‘30 टक्के’ तेवढं उचललं. शॅपिरोच्या शिस्तीने वाचायचं तर आधी 15 टक्क्यांचा निकाल सांगावा, मग 30चा, आणि पन्नाशीच्या आतल्या बायकांचं काय, हेही त्याच दमात सांगावं.

हा निकाल येण्याआधीच, 2016मध्ये, केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबरोबर स्तनाच्या तपासणीचाही आराखडा काढला. त्यात मॅमोग्राफीला पहिली जागा नाही. प्रशिक्षित कर्मचाऱ्याने हाताने तपासायचं आणि शंका आली तर वर पाठवायचं. यंत्र हाताच्या मागे उभं राहिलं, हा क्रम मला योग्य वाटतो. पण आराखड्यातली मुदत पाच वर्षांची आहे आणि वयोगट तिशीपासूनचा. मुंबईत मोजलेली मुदत दोन वर्षांची होती आणि फायदा दिसला तो पन्नाशीनंतर. पाच वर्षांनी एकदा फिरणारा हात तेवढंच काम करील, असं मुंबईच्या आकड्यांत कुठेही लिहिलेलं नाही.