बाळाच्या टाचेतला थेंब आणि युरोपियमचा उसना उजेड



बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की नर्स त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपून घेते. "एवढ्याशा जिवाला कशाला टोचता?" असं आजी हमखास विचारतात. त्याचं हे उत्तर.

साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एकाची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नसते किंवा नीट काम करत नाही. बाळ दिसायला छान असतं, पण उपचार लांबले तर मेंदूची वाढ कायमची खुंटते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. म्हणून त्या थेंबात टीएसएच हे हार्मोन मोजतात. ग्रंथी कमी पडली की ते सहसा वाढतं.

पण वाळलेल्या थेंबात हार्मोन असतं अगदी नगण्य. ते मोजायचं कसं? रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून हार्मोन मोजायची पद्धत शोधली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं. याच पद्धतीच्या आधारे कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात जाँ द्यूसो यांनी १९७४ साली नवजात बाळांची थायरॉईड तपासणी सुरू केली. मात्र या आयोडीनची ताकद साठ दिवसांत निम्मी होते आणि किरणोत्सारी कचरा सांभाळावा लागतो. चमकणारा रंग वापरावा, तर रक्त, कागद आणि प्लास्टिकही अतिनील प्रकाशात चमकतात. मग खरी खूण कोणती, हे कळणार कसं?

उत्तर एका जुन्या शोधात दडलं होतं. यूजीन देमार्से यांनी १९०१ साली वेगळं केलेलं युरोपियम हे लॅन्थनाइड गटातलं मूलद्रव्य सुंदर लाल प्रकाश देतं, पण स्वतः प्रकाश शोषून घेण्यात ते फार कच्चं आहे. १९४२ साली अमेरिकेचे सॅम्युअल वाइसमन यांना दिसलं, की युरोपियमभोवती योग्य सेंद्रिय रेणू बांधले तर प्रकाश शोषतात ते रेणू, आणि चमकतं मात्र युरोपियम!

अंगणात पावसात ठेवलेली अरुंद तोंडाची कळशी आठवा. थेट पावसानं ती भरत नाही. पण छपरावरचं पाणी पन्हळीतून तिच्यात सोडलं की पटकन भरते. सेंद्रिय रेणू म्हणजे ते छप्पर आणि पन्हळ. ते ऊर्जा गोळा करून युरोपियमकडे पोचवतात. एक अडचण उरते. युरोपियमला पाण्याचे रेणू चिकटले, तर ते हीच ऊर्जा पळवतात आणि चमक मंदावते. म्हणजे कळशी गळकी!

१९८०च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात, वॅलॅक कंपनीत, एर्की सोईनी, इल्क्का हेम्मिला आणि सहकाऱ्यांनी यातूनच डेल्फिया ही तपासणी घडवली. टीएसएचला पकडणाऱ्या अँटिबॉडीवर युरोपियम बसवतात. शेवटी एक द्रावण घालून ते सुटं करतात. त्या द्रावणातले रेणू त्याला वेढतात, ऊर्जा पुरवतात आणि पाणी दूर ठेवतात.

खरी गंमत वेळेची आहे. कागद भपकन जळून विझतो, निखारा मात्र धगधगत राहतो. रक्ताची आणि प्लास्टिकची चमक सेकंदाच्या काही अब्जांश भागात विझते. युरोपियमची चमक जवळजवळ मिलिसेकंदभर टिकते. म्हणून यंत्र अतिनील प्रकाशाचा झोत टाकून सुमारे ०.४ मिलिसेकंद थांबतं आणि मग मोजतं. तोवर उरतो तो फक्त युरोपियमचा लाल उजेड. जितका उजेड, तितकं टीएसएच.

आज टीएसएच मोजायच्या इतरही पद्धती आहेत, पण अनेक नवजात तपासणी प्रयोगशाळा युरोपियमचीच पद्धत वापरतात.

तुमच्यासाठी मुद्दा एवढाच: यंत्राचं थांबणं मिलिसेकंदाचं असतं, तुम्ही मात्र थांबू नका. बाळाचा रिपोर्ट आठवणीनं मागून घ्या. टीएसएच जास्त आलं म्हणजे आजार नक्की झाला असं नाही, शिरेतल्या रक्ताची तपासणी करून खात्री करावी लागते. पण पुन्हा बोलावलं तर "बारसं झाल्यावर बघू" म्हणू नका. त्याच दिवशी या.