रोझलिन यॅलो : संप्रेरकांना मापात आणणारी भौतिकशास्त्रज्ञ

शहरातील कोणत्याही पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या दरपत्रकावर नजर टाकली, तर टीएसएच, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल अशा चाचण्यांची रांग दिसते. सकाळी रक्त द्यावे आणि संध्याकाळपर्यंत संप्रेरकाचा आकडा हाती यावा, यात आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत माणसाच्या रक्तात इन्सुलिन नेमके किती आहे, हे खात्रीने सांगता येत नव्हते. प्राण्यांच्या स्नायूंच्या तुकड्यांवर रक्ताचा काय परिणाम होतो हे पाहून अंदाज बांधला जाई, आणि तो अंदाज प्रयोगशाळेगणिक बदले. न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात दोन संशोधकांनी ही कोंडी फोडली. त्यांपैकी सॉलोमन बर्सन हे डॉक्टर होते. दुसऱ्या रोझलिन यॅलो. वैद्यकाचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नव्हते. त्यांचा विषय अणुभौतिकी.

रोझलिन ससमन यांचा जन्म १९ जुलै १९२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घर ज्यू, परिस्थिती बेताची. कागद आणि सुतळीचा छोटासा व्यवसाय करणारे वडील आणि आई, दोघांनाही माध्यमिक शाळेचे तोंड पाहता आले नव्हते; मुलांनी मात्र महाविद्यालयात जायचे, हे घरात ठरलेले होते. मुलींसाठी असलेल्या हंटर महाविद्यालयात रोझलिन यांना भौतिकशास्त्राची गोडी लागली. इव्ह क्युरी यांनी लिहिलेले आपल्या आईचे, म्हणजे मेरी क्युरी यांचे, चरित्र त्याच सुमारास प्रसिद्ध झाले होते. जानेवारी १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एन्रिको फर्मी यांचे अणुविखंडनावर व्याख्यान झाले, तेव्हा खच्चून भरलेल्या त्या सभागृहात ही विद्यार्थिनीही होती.

पदवी मिळवणे सोपे, पुढचे कठीण होते. एका विद्यापीठाने त्यांच्या प्राध्यापकांना कळवले, की मुलगी न्यूयॉर्कची आहे, ज्यू आहे आणि स्त्री आहे. पुढे तिला नोकरी मिळेल अशी हमी देत असाल तर प्रवेशाचा विचार करू. अशी हमी कोण देणार? मागील दाराने का होईना विद्यापीठात शिरावे, म्हणून त्यांनी कोलंबियातील एका जीवरसायनशास्त्रज्ञाच्या सचिवाची नोकरी धरली आणि लघुलेखन शिकायला घेतले. १९४१च्या फेब्रुवारीत इलिनॉय विद्यापीठाकडून साहाय्यक अध्यापकपदाचे पत्र आले, त्यासरशी त्यांनी लघुलेखनाची पुस्तके फाडून टाकली. महायुद्धाने तरुण पुरुष सैन्यात खेचले जाऊ लागले होते, म्हणून ही जागा निघाली, हे त्या स्वतःही जाणून होत्या. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुमारे चारशे अध्यापकांमध्ये त्या एकट्या स्त्री होत्या. पहिल्या सत्रात सर्वत्र उत्तम श्रेणी मिळाली. केवळ प्रकाशशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती किंचित खाली आली. विभागप्रमुखांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की स्त्रियांना प्रयोगशाळेतील काम जमत नाही. प्रयोगशाळेतील कामासाठीच नोबेल मिळवणाऱ्या विद्यार्थिनीबद्दल काढलेला हा निष्कर्ष पुढे यॅलोबाईंनी आपल्या आत्मवृत्तात आवर्जून नोंदवून ठेवला.

इलिनॉयमध्येच भौतिकशास्त्राचे सहाध्यायी आरन यॅलो यांच्याशी १९४३ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि १९४५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. न्यूयॉर्कला परतल्यावर हंटरमध्ये शिकवत असतानाच, डिसेंबर १९४७ पासून त्या ब्रॉन्क्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात अर्धवेळ सल्लागार झाल्या. किरणोत्सारी समस्थानिके अणुभट्ट्यांतून नुकतीच नागरी उपयोगासाठी मिळू लागली होती आणि त्यांचे वैद्यकात काय करता येईल, हे शोधायचे होते. सफाई कामगाराचे सामान ठेवण्याची एक खोली त्यांना मिळाली. तीच देशातील आरंभीच्या किरणोत्सारी समस्थानिक प्रयोगशाळांपैकी एक ठरली. बरीचशी उपकरणे त्यांनी स्वतःच आखून तयार करवून घेतली.

१९५० मध्ये त्याच रुग्णालयातून प्रशिक्षण पूर्ण केलेले डॉ. बर्सन त्यांना येऊन मिळाले. गणित, संगीत आणि बुद्धिबळ यांत रमणारा हा तीक्ष्ण बुद्धीचा वैद्य यॅलोंना शरीरक्रियाशास्त्र शिकवी आणि त्यांच्याकडून भौतिकी शिके. बावीस वर्षे टिकलेल्या या भागीदारीत कोणती कल्पना कोणाची, हे सांगणे जवळच्यांनाही अवघड होते.

थायरॉइड आणि रक्ताचे आकारमान यांवरील कामानंतर दोघे इन्सुलिनकडे वळले. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन तयार होते, पण यकृतातील एक विकर त्याचा अतिवेगाने नाश करते, असा एक तर्क त्या काळी मांडला गेला होता. तो तपासण्यासाठी त्यांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीन जोडले, ते रुग्णांना टोचले आणि रक्तातून ते किती वेगाने नाहीसे होते हे पाहिले. तर्क खरा असता, तर मधुमेहींच्या रक्तातून ते लवकर गेले पाहिजे होते. झाले उलटेच. पूर्वी इन्सुलिनची इंजेक्शने घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात ते अधिक काळ रेंगाळले. मधुमेह नसलेल्या, पण अन्य कारणासाठी इन्सुलिन टोचून घेतलेल्या रुग्णांतही तेच दिसले. म्हणजे कारण मधुमेह नव्हे, इंजेक्शन हे होते. गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या त्या इन्सुलिनविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे तयार केली होती आणि ती त्याला धरून ठेवत होती.

इन्सुलिनएवढा लहान रेणू प्रतिपिंडे निर्माण करूच शकत नाही, अशी प्रतिकारशास्त्रज्ञांची तेव्हा ठाम समजूत होती. ‘सायन्स’ या नियतकालिकाने हा निबंध परत पाठवला. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’नेही १९५५ मध्ये तो नाकारला. अखेर शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढून ‘इन्सुलिनशी बांधले जाणारे ग्लोब्युलिन’ अशी सौम्य शब्दयोजना केल्यावर १९५६ मध्ये निबंध छापला गेला. पुरावा तोच, फक्त नाव बदललेले. नकाराचे ते पत्र यॅलोंनी जपून ठेवले आणि पुढे स्टॉकहोममधील नोबेल व्याख्यानात सर्वांना दाखवले. ही कटुता होती की विनोद, हे ज्याने त्याने ठरवावे. विज्ञानाच्या परीक्षकांना मात्र ते पत्र अधूनमधून वाचायला द्यावे असे आहे.

प्रतिपिंडे इन्सुलिनला धरतात हे कळले, आणि त्यातच मोजमापाची युक्ती दडलेली होती. एखाद्या बसमध्ये ठरावीक आसने आहेत अशी कल्पना करावी. आसने म्हणजे प्रतिपिंडे. त्यांवर किरणोत्सारी खूण असलेले ठरावीक इन्सुलिन बसवले. आता रुग्णाच्या रक्तातील, खूण नसलेले इन्सुलिन आत सोडले, तर तेही आसनांसाठी स्पर्धा करणार. ते जितके अधिक, तितके खुणेचे इन्सुलिन बाहेर उभे राहणार. बसलेल्यांची आणि उभ्यांची किरणोत्सारिता वेगवेगळी मोजली, की रुग्णाच्या रक्तात इन्सुलिन किती होते याचा हिशेब लागतो. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून आधी आलेख काढून ठेवायचा आणि रुग्णाचा आकडा त्यावर वाचायचा. कागदावर सोपे वाटणारे हे तंत्र हाती येण्यास काही वर्षे लागली. मानवी इन्सुलिनला नीट पकडणारी प्रतिपिंडे शेवटी गिनीपिगांच्या रक्तातून मिळाली. रक्तद्रवात अब्जावधी पटींनी अधिक असलेल्या इतर प्रथिनांच्या गर्दीतून इन्सुलिन तेवढे अचूक वेचणारी ही पद्धत १९५९ मध्ये मानवी इन्सुलिनसाठी सिद्ध झाली आणि १९६० मध्ये तिचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. तिचे नाव रेडिओइम्युनोअसे, संक्षेपाने आरआयए.

त्या पहिल्या मोजण्यांनीच मधुमेहाविषयीच्या धारणेला धक्का बसला. १९२० च्या दशकात इन्सुलिन सापडल्यापासून मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, असे साधे समीकरण रूढ होते. मधुमेहींचे दोन गट असावेत आणि एका गटाचे शरीर इन्सुलिनला दाद देत नसावे, असे लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच सुचवले होते. पण इन्सुलिन मोजता येत नसल्याने ते अनुमानच राहिले. बर्सन आणि यॅलो यांना आढळले, की ग्लुकोज पाजल्यानंतर प्रौढ वयातील मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन उशिरा वाढते, पण नंतर निरोगी माणसाच्याही वर जाते. इन्सुलिन आहे, तरी साखर उतरत नाही. आज ज्याला आपण टाइप-२ मधुमेह म्हणतो, त्यातील इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध येथे प्रथमच आकड्यांत दिसला. कालांतराने स्वादुपिंड थकते आणि इन्सुलिन अपुरे पडू लागते, हा या आजाराचा उत्तरार्धही पुढे अशाच मोजमापांतून उलगडला.

याच वाटेवर कित्येक वर्षांनी पुण्याचे नाव येते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पुण्यातील आणि लंडनमधील नवजात बालकांची तुलना प्रसिद्ध केली. पुण्याची बाळे वजनाने बरीच हलकी होती, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन अधिक आढळले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो, या प्रश्नाचा माग जन्माच्या क्षणापर्यंत नेणारे हे निरीक्षण इन्सुलिन मोजता आल्याशिवाय शक्यच नव्हते. (नेहमीच्या मधुमेह तपासणीत इन्सुलिन नव्हे, तर रक्तातील साखर आणि एचबीए१सी मोजतात, हे येथे सांगितलेले बरे, दोन्हींत अनेकदा गल्लत होते.)

तंत्र इन्सुलिनपुरते राहिले नाही. वाढीचे संप्रेरक, पॅराथायरॉइड संप्रेरक, गॅस्ट्रिन, एसीटीएच असे एकेक संप्रेरक मोजमापाच्या कक्षेत आले. उंची खुंटलेल्या कोणत्या मुलाला वाढीचे संप्रेरक द्यावे, हे ठरवता येऊ लागले. नवजात बालकातील थायरॉइडची कमतरता टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून वेळीच ओळखून कायमचे मतिमंदत्व टाळता येऊ लागले. रक्तपेढ्यांतील रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूचा अंश आहे काय, हेही याच तत्त्वावर तपासले जाऊ लागले. एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या शोधाचे पेटंट मात्र दोघांनी घेतले नाही. उलट इतर प्रयोगशाळांतून येणाऱ्यांना ते तंत्र शिकवीत राहिले.

१९६८ मध्ये बर्सन माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात विभागप्रमुख म्हणून गेले. संशोधन दोघांचे चालूच होते. ११ एप्रिल १९७२ रोजी एका वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही, त्यामुळे आता त्या शोधाला नोबेल मिळणार नाही, असे अनेकांनी गृहीत धरले. जोडीतील बुद्धी बर्सन यांची आणि हात यॅलोंचे, असेही काही जण मानत. यॅलोंनी प्रयोगशाळेला बर्सन यांचे नाव देववले, जेणेकरून तेथून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर ते छापले जावे, आणि त्या कामाला लागल्या. १९७६ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९७७च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना, तर उरलेला अर्धा रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना विभागून मिळाला. या दोघांनी मेंदूतील संप्रेरकांचा जो शोध घेतला, त्यातही यॅलोंचेच तंत्र कामी आले होते. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या गर्टी कोरी यांच्यानंतरच्या दुसऱ्याच स्त्री.

स्वभाव करारी, बोलणे रोखठोक. केवळ स्त्रियांसाठी असलेला एका मासिकाचा पुरस्कार त्यांनी नाकारला. दुसरीकडे घरचा स्वयंपाक ज्यू रीतीप्रमाणे स्वतः करीत दोन मुलांना वाढवणे त्यांना मुळीच विसंगत वाटले नाही. अल्प प्रमाणातील किरणोत्साराची भीती अनाठायी आहे, हे मत त्यांनी उतारवयातही हिरिरीने मांडले. ते सर्वांना पटले असे नाही. गंमत अशी, की किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याची आणि त्यांच्या विल्हेवाटीची कटकट टाळण्यासाठीच पुढे बहुतेक प्रयोगशाळांनी आरआयए सोडून विकरांवर किंवा रासायनिक प्रकाशावर आधारलेल्या चाचण्या स्वीकारल्या. खूण बदलली, प्रतिपिंडाच्या मदतीने संप्रेरक वेचण्याची युक्ती तीच राहिली.

१९९१ मध्ये यॅलो निवृत्त झाल्या. ३० मे २०११ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, ते ब्रॉन्क्समध्येच. अनेक मोठ्या विद्यापीठांची दारे उघडी झाल्यावरही माजी सैनिकांचे ते रुग्णालय त्यांनी सोडले नव्हते.