बाललैंगिक अत्याचार : पुरुषांचे सावरणे

बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुरुषांनी मोठेपणी त्या आघातातून बाहेर पडण्याची प्रक्रिया. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या देशव्यापी पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. तरीही हा प्रश्न मुलींचाच, ही समजूत घट्ट आहे.

‘मुलगा असून रडतोस काय?’ हे ऐकत वाढलेला मुलगा बोलत नाही. अत्याचारी बहुधा ओळखीचाच, कधी घरातला असल्याने तोंड उघडणे आणखी अवघड होते. त्या वेळी शरीराने दिलेला प्रतिसाद त्याला वर्षानुवर्षे छळतो. वास्तविक ती निव्वळ शारीरिक क्रिया असते, संमती नव्हे. हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगणे हाच अनेकदा उपचारातला पहिला मोठा दिलासा. अत्याचार झालेला मुलगा पुढे स्वतः अत्याचारी होतो, हा समज तर फारच क्रूर. बहुसंख्य पुरुषांबाबत तो खोटा आहे. मोठेपणी निद्रानाश, व्यसन, अनावर राग, जवळिकीची भीती हे अत्याचाराचे परिणाम मात्र आढळतात.

बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्यापूर्वी मुलग्यांसाठी प्रामुख्याने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ चाच आधार होता.

आघाताची जाण असलेला समुपदेशक, समदुःखी पुरुषांचा गट आणि ऐकून विश्वास ठेवणारा एखादा मित्र किंवा जोडीदार यांचा आधार मोलाचा ठरतो. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेत १४४१६ वर मराठीतही बोलता येते.