दोन भाऊ, दोन घोडे आणि अख्खी अमेरिका

१/ एप्रिल १९१०. ओक्लाहोमाहून दोन भाऊ घोड्यांवरून न्यूयॉर्ककडे निघाले. थोरला लुई १० वर्षांचा, धाकटा टेंपल ६ वर्षांचा. सोबतीला कोणीही वडीलधारे नव्हते.

२/ आई निवर्तली होती. वडील जॅक अबरनॅथी लांडगे जिवंत पकडण्यासाठी ख्यातनाम. मुलांनी स्वावलंबी व्हावे, हा त्यांचा आग्रह. न्यूयॉर्कमध्ये ही मुले थिओडोर रूझवेल्ट यांच्या स्वागत-मिरवणुकीत सहभागी झाली आणि परतताना चक्क स्वतः मोटार हाकत आली!

३/ १९११ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को. ६० दिवसांत पोहोचल्यास १०,००० डॉलर मिळणार होते. लागले ६२ दिवस. बक्षीस हुकले, कीर्ती मात्र देशभर पसरली.

४/ त्याच वर्षी ल्युइस हाइन पेनसिल्वेनियात कोळशातून दगड वेचणाऱ्या मुलांची छायाचित्रे टिपत होते. त्यांच्याही वाट्याला धोकाच होता. पण तो दारिद्र्याने लादलेला.

५/ बालसुरक्षेच्या नियमांना आज आपण सहज हसतो. परंतु साहसकथा सुखरूप परतलेल्यांच्याच उरतात. जे परतले नाहीत, त्यांच्या वतीने ते नियम बोलतात. अबरनॅथी बंधूंचे कौतुक जरूर करावे. हाइन यांची छायाचित्रेही शेजारी ठेवावीत.